औषध कोणतं, ते रक्ताला विचारा

शौचातून रक्त पडलं की पांढुर्णा-सौंसरकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो. चूर्ण-काढ्यात महिने निघून जातात आणि आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचल्यावर नागपूर गाठलं जातं. २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून या दोन तहसिलींचा वेगळा जिल्हा झाला, तरी मोठ्या दुखण्याची वाट नागपूरचीच: राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, नाहीतर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था.

तिथे नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, तुकडा न काढता रक्तावरून नाही का कळणार?" निदान तुकड्यावरूनच होतं. औषध निवडताना मात्र रक्त आता बरंच काही सांगतं. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक अंश रक्तात उतरतात. त्यात 'रास' जनुकांचा बिघाड दिसला, आणि तो चाळीस-पन्नास टक्के रुग्णांत असतो, तर सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं उपयोगाची नाहीत.

एवढं तुकड्यावरूनही कळतं म्हणा. पण तुकडा काढला त्या दिवसाचीच हकिगत सांगतो. इंजेक्शन चालू असताना त्याला न जुमानणाऱ्या पेशी माजतात. ते थांबवलं की हळूहळू ओसरतात. मग तेच औषध पुन्हा चालेल का? इटलीतल्या 'क्रोनोस' अभ्यासात (२०२२) ५२ जणांचं रक्त तपासलं. बिघाड नसलेल्यांपैकी २७ जणांना पॅनिटुमुमॅब पुन्हा दिलं, ८ जणांच्या गाठी आकसल्या. १६ जणांच्या रक्तात बिघाड सापडला, त्यांना ते दिलंच नाही. मला हे १६ जास्त मोलाचे वाटतात. संत्र्याच्या बहारावर उपचार चालवणाऱ्या घराला 'हे घेऊ नका' हेही कुणीतरी सांगायला हवं.

अडचण नळीची आहे. साध्या ईडीटीए नळीतलं रक्त काही तासांत लॅबमध्ये फिरवून वेगळं करावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो. खास नळीत ते चौदा दिवस टिकतं, पण ३७ अंशांपर्यंतच. मे महिन्यात सौंसरहून ती मोटारसायकलच्या डिकीत टाकून पाठवायची सोय नाही.

शिवाय रोग नुसता पोटाच्या पडद्यावर पसरला असेल, तर रक्तात फारसं काही उतरत नाही. 'बिघाड नाही' आणि 'गाठीचा डीएनएच सापडला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. रिपोर्ट वाचताना त्यांची गल्लत होते. दुसरी गोष्ट असेल तर डॉक्टर पुन्हा ब्लॉक मागतात, म्हणजे मेणात बसवलेला तो जुना तुकडा. पहिलं ऑपरेशन जिथे झालं, तिथल्या लॅबमधून तो घरच्यांनाच आणावा लागतो.