वारा पाहून काठी

देवनारच्या रहिवाशास वाऱ्याची दिशा नाकाने समजते. पूर्वेला खाडीच्या बाजूस कचऱ्याचे जे डोंगर उभे आहेत, त्यांवरून सकाळचा वारा आला म्हणजे घरोघरच्या खिडक्या बंद होतात. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की त्या पुन्हा उघडतात. जानेवारी २०१६ मध्ये या डोंगरांस आग लागली, तेव्हा तर धुराने वाऱ्याची वाटच आकाशात रेखून दाखविली आणि आसपासच्या महानगरपालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. या जागी कचरा टाकण्यास प्रारंभ झाला १९२७ साली. योगायोग असा की, त्याच साली येथून जवळच चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. वारा दोन्ही ठिकाणी तोच. परंतु गोल्फच्या मैदानावर त्याचा हिशेब कसा करतात, हे पाहण्यासारखे आहे.

विटीदांडूचा खेळ तुम्हांपैकी काहींनी तरी खेळलेला असेल. त्यात विटी जवळ मारावयाची असो की दूर, दांडू एकच असतो. कमीअधिक होतो तो मनगटाचा जोर. गोल्फची रीत निराळी आहे. या खेळात एक लहानसा कठीण चेंडू काठीने टोलवीत दूरच्या एका खळग्यात घालावयाचा असतो. असे अठरा टप्पे असतात. टप्प्यालाही ‘होल’ म्हणतात आणि त्याच्या शेवटच्या खळग्यालाही. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील, तो जिंकला. काठीला ‘क्लब’ म्हणतात. एकाच शब्दाने संस्थाही ओळखावी आणि काठीही, ही सोय इंग्रजीने का केली असावी कोण जाणे. आपण मात्र काठीच म्हणू.

खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या जवळ बाळगता येतात. त्या वाहून नेणाऱ्या साहाय्यकास ‘कॅडी’ म्हणतात. यांतील लोखंडी काठ्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान, तितकी काठी लांब आणि तिचे पाते उभे; तिने मारलेला चेंडू सखल जातो व दूर पोचतो. क्रमांक जितका मोठा, तितकी काठी आखूड आणि पाते मागे कललेले. तिने चेंडू उंच चढतो आणि जवळच उतरतो. साधारण खेळाडूच्या हातून एका क्रमांकाच्या फरकाने दहा यार्डांचा फरक पडतो. तेव्हा अंतर मोजावे, त्याला योग्य तो क्रमांक उचलावा आणि टोला मारावा, इतके हे सोपे दिसते. वारा नसता तर ते तसेच असते.

चेंबूरच्या मैदानावर वारा दिवसभर एकसारखा नसतो. उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धावून येते. हाच आपला दुपारचा खारा वारा. मार्च-एप्रिलमध्ये तो चांगलाच जोर धरतो. सकाळी जो होल निवांत होता, तोच दुपारी तोंडावर वारा घेऊन उभा असतो. जमिनीवरील अंतर तेच. चेंडूच्या दृष्टीने मात्र ते वाढलेले असते.

किती वाढते? समजा, चेंडू ताशी २०० किलोमीटर वेगाने सुटला आणि समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा येत आहे. म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या हवेचा वेग झाला २२०. आता हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०० चा वर्ग ४०,०००. २२० चा वर्ग ४८,४००. वेग एक दशांशाने वाढला, विरोध मात्र एक पंचमांशाहून अधिक वाढला! वाऱ्याविरुद्ध सायकल चालविणाऱ्याचे पाय हे गणित न मांडताच जाणतात.

कोणी म्हणेल, मग टोला अधिक जोराने मारावा. नवशिका नेमके हेच करतो आणि फसतो. कललेल्या पात्याचा टोला बसताच चेंडू उलट्या दिशेने गरगर फिरू लागतो, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे येत असतो. या फिरण्याने हवा खाली लोटली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे प्रथम नीट उलगडून दाखविले. जोर वाढविला की हे फिरणे वाढते. त्यात वारा समोरून असला, तर पतंग जसा समोरच्या वाऱ्यावर चढतो, तसा चेंडू वर वर चढतो, क्षणभर थबकल्यासारखा दिसतो आणि अलीकडेच कोसळतो. म्हणून जाणता खेळाडू जोर वाढवीत नाही, काठी बदलतो. समोरचा वारा ताशी पंधरा-सोळा किलोमीटर असला, तर तो एक क्रमांक खाली येतो आणि टोला सावकाश मारतो. चेंडू सखल राहतो व वाऱ्याखालून निघून जातो. पाठचा वारा मदत करतो खरी. पण समोरचा वारा जितके हिरावून घेतो, तितके पाठचा वारा परत देत नाही, कारण त्यात चेंडूला वर धरून ठेवणारी उचलही कमी होते.

वारा फार झाला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियात समुद्रकाठी पेबल बीच नावाचे मैदान आहे. त्याचा सातवा होल केवळ १०७ यार्डांचा. शांत दिवशी तेथे अतिशय कललेल्या पात्याची आखूड काठी पुरते. १९९२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी तेथे असे वादळी वारे सुटले की, टॉम काइट या खेळाडूने त्याच होलवर सहा क्रमांकाची काठी घेतली. तरीही चेंडू हिरवळीबाहेर गेला. पुढचा टोला मात्र थेट खळग्यात पडला आणि ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. काइट या शब्दाचा एक अर्थ पतंग होतो, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

माझा एक जुना विद्यार्थी कॅडीचे काम करतो. एकदा मार्चमधील दुपारी त्याच्याबरोबर मैदान पाहण्याचा योग आला. दीडशे यार्डांचा होल होता. वारा समोरून येत होता, पण भोवती दाट झाडी असल्यामुळे आम्ही उभे होतो तेथे पानही हलत नव्हते. खेळणाऱ्या गृहस्थांनी सात क्रमांकाची काठी मागितली. माझ्या विद्यार्थ्याने चिमूटभर गवत उपटून हवेत सोडले, मग मान वर करून नारळांच्या शेंड्यांकडे पाहिले आणि पाच क्रमांकाची काठी पुढे केली.

“साहेब, वर वारा आहे. पाच घ्या.”

“काल सकाळी सातनेच पोचलो होतो,” असे म्हणून साहेबांनी सातच घेतली आणि मनगटाचा सगळा जोर लावून टोला हाणला. चेंडू झाडांच्या वर गेला, उभा राहिल्यासारखा झाला आणि हिरवळीच्या बऱ्याच अलीकडे वाळूच्या खड्ड्यात पडला. त्यांच्या जोडीदाराने पाच घेतली, अंगाला झटका न देता टोला मारला. त्याचा चेंडू हिरवळीवर जाऊन थांबला.

“अरे, तू तिला आधीच ठासून का नाही सांगितलेस?” मी हळूच विचारले. “तिला” हा शब्द काठीविषयी होता की साहेबांच्या हट्टाविषयी, हे माझे मलाही कळले नाही.

तो हसला. “सर, काठी द्यायची आपण. टोला त्यांचा.”

पुढच्या होलला वाट उलटी वळली आणि तोच वारा आता आमच्या पाठीशी आला. माझ्या विद्यार्थ्याने पुन्हा गवत उडविले. साहेबांनी या वेळी क्रमांक उच्चारला नाही. नुसता हात पुढे केला.