आयात कागदावरील ‘ऑरगॅनिक’ शब्द : द्राक्ष बागायतदारांनी घ्यावयाची दक्षता

ऑक्टोबर छाटणीनंतर घडाची लांबी वाढविणे, विरळणी करणे व मण्यांचा आकार वाढविणे यासाठी बिनबियांच्या जातींमध्ये जिबरेलिक अ‍ॅसिडचा (जी.ए.) वापर केला जातो. हे संजीवक एका बुरशीच्या वाढीतून, किण्वन प्रक्रियेने मिळविले जाते. त्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये होते व तेथून ते आयात केले जाते. हंगामात काही विक्रेते आयातीच्या कागदाची झेरॉक्स दाखवितात. त्यावर ‘ऑरगॅनिक केमिकल्स’ असे छापलेले असते आणि “माल ऑरगॅनिक आहे, सरकारी कागद पाहा” असे सांगितले जाते. या कागदाचा खरा अर्थ काय, हे प्रत्येक बागायतदाराने समजून घेणे आवश्यक आहे.

वर्गीकरणाची पद्धत

एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रत्येक मालास सीमाशुल्क आकारणीसाठी क्रमांक दिला जातो. यासाठी ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ ही पद्धत १९८८ पासून अमलात आहे. पहिले दोन अंक प्रकरण दाखवितात, चार अंक शीर्षक व सहा अंक उपशीर्षक. सहा अंकांपर्यंतचा क्रमांक सर्व सभासद देशांत सारखाच असतो. भारतात पुढे आणखी दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक वापरतात. शेतकऱ्यांच्या दृष्टीने चार प्रकरणे महत्त्वाची आहेत.

१) प्रकरण २८ : असेंद्रिय रसायने
२) प्रकरण २९ : सेंद्रिय रसायने
३) प्रकरण ३१ : खते
४) प्रकरण ३८ : इतर रासायनिक उत्पादने. यातील शीर्षक ३८०८ मध्ये कीटकनाशके, बुरशीनाशके, तणनाशके व वाढ नियंत्रके येतात.

‘सेंद्रिय’ म्हणजे येथे काय?

प्रकरण २९ मधील ‘सेंद्रिय’ हा शब्द रसायनशास्त्रातील आहे. ज्या पदार्थाच्या रचनेत कर्ब हा मुख्य घटक असतो, त्यास रसायनशास्त्रात सर्वसाधारणपणे सेंद्रिय म्हणतात. सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही. २,४-डी हे तणनाशक व मॅलॅथिऑन हे कीटकनाशक शुद्ध स्वरूपात आयात केल्यास प्रकरण २९ मध्येच, म्हणजे ‘सेंद्रिय रसायनां’तच मोडतात. याउलट बोर्डो मिश्रणातील मोरचूद प्रकरण २८ मध्ये, म्हणजे ‘असेंद्रिय रसायनां’त येते. बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत काही बंधने पाळून वापरता येते, २,४-डी मात्र वापरता येत नाही. युरिया हा रसायनशास्त्रानुसार सेंद्रिय पदार्थ आहे, परंतु वर्गीकरणात तो प्रकरण ३१ मध्ये खत म्हणून येतो. तेव्हा क्रमांकावरून माल सेंद्रिय शेतीस चालतो की नाही हे ठरविता येत नाही.

पदार्थ एक, क्रमांक दोन

प्रकरण २९ मध्ये साधारणपणे निश्चित रासायनिक रचना असलेला एकेकटा पदार्थच घेतला जातो. त्यात तयार होताना राहिलेली अशुद्धी चालते. पाण्यातील द्रावण किंवा माल टिकण्यासाठी आवश्यक तेवढा स्थिरकारक पदार्थही चालतो. त्यामुळे पिंपात भरून आलेले जिबरेलिक अ‍ॅसिडचे टेक्निकल भुकटी स्वरूप शीर्षक २९३२ मध्ये येते.

तोच माल एक ग्रॅमच्या पुडीत किरकोळ विक्रीसाठी भरून आला, की तो शीर्षक ३८०८ मध्ये जातो. शुद्धता तीच असली तरी बांधणी बदलल्याने क्रमांक बदलतो. विद्राव्य दाणे, ०.००१ टक्के द्रावण अशी वापरण्यायोग्य मिश्रणेही ३८०८ मध्येच मोडतात.

म्हणून २९३२ क्रमांकाचा कागद दाखवून पुडी विकली जात असेल, तर तो कागद पिंपातील कच्च्या मालाचा आहे, तुमच्या हातातील पुडीचा नव्हे, हे लक्षात घ्यावे. पुडीत काय व किती भरले, हे त्या कागदावरून कळत नाही.

यातील फरक किती मोठा आहे ते पाहा. ९० टक्के शुद्ध भुकटीच्या एक ग्रॅममध्ये ९०० मिलिग्रॅम जी.ए. असते. ०.००१ टक्के द्रावणाच्या एक लिटरमध्ये फक्त सुमारे १० मिलिग्रॅम असते. म्हणजे एका ग्रॅम भुकटीतील जी.ए. हे सुमारे ९० लिटर द्रावणातील जी.ए. इतके होते. लेबल न पाहता प्रमाण घेतल्यास एक तर परिणाम दिसत नाही, किंवा मात्रा जास्त होऊन घडांचे नुकसान होते.

खत की वाढ नियंत्रक?

काही उत्पादने ‘टॉनिक’ किंवा ‘सूक्ष्म अन्नद्रव्य’ म्हणून विकली जातात, परंतु त्यांत संजीवक मिसळलेले असते. शीर्षक ३१०५ मध्ये ‘इतर खत’ म्हणून येण्यासाठी नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी किमान एक आवश्यक घटक असावा लागतो. अन्नद्रव्य नसलेला, पण पिकाच्या वाढीवर परिणाम करणारा सेंद्रिय पदार्थ हा वाढ नियंत्रक होय. या भेदाबाबत वाद झाल्याने केंद्रीय मंडळाने ६ एप्रिल २०१६ रोजी खुलासा करणारे परिपत्रक काढले होते.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१) सीमाशुल्क क्रमांक हा कर आकारणीसाठी असतो. तो गुणवत्तेचा किंवा सेंद्रियतेचा दाखला मानू नये.
२) जिबरेलिक अ‍ॅसिड कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते. वेष्टनावर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचे टक्के, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख पाहूनच खरेदी करावी.
३) सुटी पुडी घेऊ नये. परवानाधारक विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे व हंगाम संपेपर्यंत रिकामे वेष्टन जपून ठेवावे.
४) लेबलवरील टक्केवारीनुसार पी.पी.एम. काढावे. शेजाऱ्याच्या बागेतील प्रमाण जसेच्या तसे वापरू नये.
५) प्रमाणित सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी कोणतीही निविष्ठा वापरण्यापूर्वी आपल्या प्रमाणीकरण संस्थेची लेखी संमती घ्यावी.
६) संशय आल्यास तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार करावी.

घडावर एकदा चुकीची मात्रा पडली, की त्या हंगामात ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून विक्रेत्याने दाखविलेल्या कागदापेक्षा आपल्या हातातील वेष्टनावर काय छापले आहे, ते आधी वाचावे.