ज्वारीने झालेला करार

जामच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने खेड्यांशी एक करार केला. हप्ता रोख नव्हे, सुगीनंतरची ज्वारी, तीही ऐपतीप्रमाणे. अट मात्र कडक होती: गावातील किमान ७५ टक्के गरीब कुटुंबे सामील व्हावीत. केवळ आजारी माणसेच सभासद झाली तर निधी बुडतो, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. अकस्मात आजारात उपचार मोफत. बाळंतपणासारख्या अपेक्षित प्रसंगी खर्चाचा चौथा हिस्सा कुटुंबाचा.

आज कॅशलेस विम्याशी करार करणारे छोटे रुग्णालय बहुधा दरपत्रकावरच घासाघीस करते. ती वगळलेले आजार आणि देयक चुकते करण्याची मुदत यांवरही हवी. तीन महिने थकलेल्या देयकाचे व्याज रुग्णालयच सोसते.