काळ्या-पांढऱ्या फोटोवर हिरवट झाक का येते?

जुना फोटो नव्याने छापून फ्रेम करून देण्याचे काम आपल्या स्टुडिओवाल्या व फ्रेमवाल्या बंधूंकडे नेहमीच येते. असेच एक चाचा आमच्याकडे आपल्या अब्बांचा एकुलता एक फोटो घेऊन आले. छापलेली प्रत दुकानातल्या ट्यूबलाइटखाली झकास दिसली. दुसऱ्या दिवशी चाचा परत हजर! “बेटा, घरी उजेडात अब्बांचा चेहरा हिरवा दिसतो.” प्रिंट पुन्हा फुकट काढून द्यावी लागली. कागद आणि शाई तर गेलीच, भरवसाही थोडा गेला.

चूक यंत्राची नव्हती, आमच्या सेटिंगची होती.

साध्या फोटो प्रिंटरमध्ये करड्या शाया नसतात. करडा रंग निळसर, गुलाबी व पिवळी शाई मिसळून तयार होतो. मिश्रण जरा चुकले की झाक येते. रंगीत फोटोत ती लपते, काळ्या-पांढऱ्यात लगेच डोळ्यात भरते. शिवाय असे मिश्रण एका उजेडात करडे, तर दुसऱ्यात हिरवट किंवा गुलाबी दिसू शकते.

मोठी चूक म्हणजे रंगांचा ताबा दोघांच्या हाती देणे. फोटोशॉपमधून छापताना दोन मार्ग असतात. ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडले, तर त्याच कागदाचे व शाईचे प्रोफाइल द्यावे आणि प्रिंटरच्या खिडकीत रंगदुरुस्ती बंद करावी. ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडले, तर सारे काम प्रिंटरवर सोपवावे. दोन्हीकडे दुरुस्ती चालू राहिली की रंग बिघडलेच समजा.

पहिल्या मार्गात ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ निवडून ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू ठेवावे. त्यामुळे काळी शेरवानी, दाढी यांतील बारकावे काळ्या डागात बुडत नाहीत. बाजारातली स्वस्त शाई भरली असेल, तर कंपनीचे प्रोफाइल लागू पडेलच असे नाही. त्या शाईसाठी वेगळे प्रोफाइल करून घ्यावे.

ज्यांच्याकडे काळ्याबरोबर करड्या शाया असलेले यंत्र आहे, त्यांना सोय आहे. एप्सनने २००५ साली के-३ शायांबरोबर ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ ही सोय आणली. तिथे ताबा प्रिंटरकडे द्यावा आणि ‘न्यूट्रल’, ‘वॉर्म’, ‘कूल’ किंवा ‘सेपिया’ यांपैकी एक निवडावे. त्यात रंगीत शाया अगदी थोड्या लागतात, म्हणून झाक कमी येते. जुन्या कौटुंबिक फोटोला ‘वॉर्म’ शोभून दिसते. पण गिऱ्हाइकाला आधी विचारावे.

केवळ काळ्या शाईने छापले तर झाक टळते, पण उजळ भागात, विशेषतः गालावर, ठिपके दिसू लागतात. कागदपत्रांना ते चालेल, भिंतीवरच्या फोटोला नाही.

ऑर्डर घेण्यापूर्वी एक काम करा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापा. एक दिवस वाळू द्या. मग दारातल्या उजेडात, ट्यूबखाली आणि बल्बखाली पाहा. शेवटच्या काळ्या पायऱ्या वेगळ्या दिसतात का, झाक येते का, हे तपासा. जमलेले सेटिंग कागदाच्या नावासह वहीत लिहून ठेवा. कागद किंवा शाई बदलली की पट्टी पुन्हा काढा.

एका पट्टीचा खर्च मामुली आहे. परत आलेल्या गिऱ्हाइकाचा मात्र भारी पडतो.