जुना संगणक : डागडुजी करावी कीं नवा घ्यावा ?

शेतकऱ्याच्या घरांत नांगर, पंप व फवारणीयंत्र यांच्या पंक्तीस आतां संगणकहि येऊन बसला आहे. सातबाराचा उतारा काढणें, फेरफाराची नोंद पाहणें, मुलांचा अभ्यास, प्रवेशपरीक्षांचे अर्ज, घरचा जमाखर्च, हीं सर्व कामें त्याजवर होतात. परंतु पंप बिघडला असतां आपण आधीं कारागिरास बोलावून कोणता भाग झिजला तें पाहतों. संगणक मंदावला कीं मात्र "आतां हा जुना झाला" असें म्हणून एकदम नव्याच्या विचारास लागतों. ह्या घाईनें पुष्कळांचा हंगामाचा पैसा नाहक खर्चीं पडतो. महसूल खात्याच्या दप्तरांत उमेदीचीं वर्षें घालविल्यानंतर जी एक संवय लागली, ती अशी कीं, खर्चास मंजुरी देण्यापूर्वीं त्याचें कारण कागदावर मांडावें. तीच पद्धत येथें लावून पाहूं.

कामाची यादी.— प्रथम ह्या यंत्राकडून आपणांस कोणतें काम पाहिजे, तें लिहून काढावें. पिकांची नोंद करण्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाइलवर सुरू झाली; डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराहि मोबाइलवर मिळतो. घरांत एवढेंच काम असेल, तर संगणकावर नवा पैसा घालण्याचें कारणच उरत नाहीं. परंतु मुलांस निबंध वा प्रकल्प लिहावयाचे असतील, लांबलचक हिशेब ठेवावयाचा असेल, किंवा भूसंपादनाचे व वाटणीचे कागद नीट लावून ठेवावयाचे असतील, तर मोठा पडदा व कळफलक यांवांचून गत्यंतर नाहीं. असें काम करण्यास फार सामर्थ्यवान् यंत्र लागत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

रोगाची परीक्षा.— संगणक सुरू होतांच तारीख चुकीची दाखवीत असेल, तर आंतील मुख्य पट्टीवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असें समजावें. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो व ती थोडक्या पैशांत मिळते. तारीख मागें गेली म्हणजे सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत, आणि लोक समजतात कीं यंत्रच निकामी झालें.

दुसरा रोग धुळीचा. आमच्या बाळकुमास एका अंगास खाडीचा खारा दमट वारा, तर दुसऱ्या अंगास इमारतींच्या बांधकामांची व भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याची धूळ. पंख्यांत ही धूळ गच्च बसली म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि तापला कीं स्वतःस वांचविण्याकरितां आपला वेग आपणच कमी करितो. यंत्र बंद करून, वीज काढून, मऊ कुंचल्यानें ही धूळ झाडावी. आणि जुन्या यंत्राच्या प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप सुकला असेल तर तो नवा लावून घ्यावा.

तिसरा, आणि सर्वांत अधिक आढळणारा, रोग हार्ड डिस्कचा. तिच्यांत तबकडी फिरते व सुई इकडून तिकडे धांवून माहिती शोधिते. अशी सुई एका सेकंदांत सुमारें शंभर ठिकाणें गांठूं शकते. फिरता भाग नसलेली एसएसडी हजारों ठिकाणें गांठते. विंडोज १० मध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबिल्या असतां एक तक्ता उघडतो. त्यांत प्रोसेसरचा भार थोडा, परंतु डिस्कचा भार वारंवार शंभर टक्के दिसत असेल, तर दोष प्रोसेसरचा नव्हे, डिस्कचा आहे. त्याच तक्त्यांत रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृति, कांठोकांठ भरलेली दिसली तर ती वाढवावी. मात्र डीडीआर३ व डीडीआर४ ह्या रॅमच्या जाती वेगळ्या असून त्यांच्या खांचाहि वेगळ्या जागीं असतात. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. म्हणून बाजारांत जातांना जुनी पट्टी बरोबर न्यावी.

एका घराचें उदाहरण.— आमच्याच गांवांतील एका कुटुंबानें २०१४ सालीं घेतलेला संगणक सुरू होण्यास सहा-सात मिनिटें घेऊं लागला. मुलगी बारावीस, प्रवेशपरीक्षा तोंडावर. खाडीपलीकडे त्यांची दीड एकर भातशेती आहे. दुकानदारानें नवें यंत्र हप्त्यांनीं देऊं केलें, आणि पहिल्या हप्त्यास खरिपाच्या बियाण्याचे व मजुरीचे पैसे लावावे असें घरांत ठरतहि आलें होतें. तेव्हां वरील परीक्षा करून पाहिली. डिस्कचा भार शंभर टक्के, रॅम चार जीबी व तीहि भरलेली, तारीख मागें गेलेली. २४० जीबीची एसएसडी, चार जीबीची एक वापरलेली डीडीआर३ पट्टी आणि नवी बॅटरी, इतकेंच घातलें. यंत्र एका मिनिटाच्या आंत सुरू होऊं लागलें. खर्च नव्या यंत्राच्या दहाव्या हिश्श्याहून कमी झाला. बियाण्याचा पैसा शेतांतच गेला, आणि मुलीच्या अभ्यासाचाहि खोळंबा झाला नाहीं.

विंडोजचा प्रश्न.— आतां एक अडचण अशी आहे, जी यंत्राच्या झिजण्याशीं संबंधित नाहीं. विंडोज १० चा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं नाहींत. परंतु चोरवाटा बुजविणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या येणें थांबलें. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली. विंडोज ११ करितां टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणतः आठव्या पिढीचा वा पुढचा लागतो. म्हणून २०१७ पूर्वींचीं बहुतेक यंत्रें चांगलीं चालत असूनहि ह्या अटींत बसत नाहींत.

अशा यंत्रांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. लिनक्स मिंट विनामूल्य मिळते व चार जीबी रॅमवर समाधानानें चालते. सीडॅक ह्या आपल्या सरकारी संस्थेनें बॉस नांवाची प्रणाली तयार केली आहे, आणि केरळांतील सरकारी शाळांत मुलें कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आहेत. वर सांगितलेल्या कुटुंबानेंहि तोच मार्ग धरिला. मराठी लिहिण्याची इनस्क्रिप्ट कळरचना दोहोंकडे सारखीच असते. पेनड्राइव्हवरून ही प्रणाली आधीं चालवून पाहतां येते. प्रिंटर चालतो कीं नाहीं, इंटरनेट लागतें कीं नाहीं, हें पाहून मगच ती कायम करावी. परंतु ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे त्यांनीं ह्या मार्गास लागूं नये. तें सॉफ्टवेअर विंडोजकरितांच आहे. तसेंच श्रीलिपि वा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्यें लिहिलेले अर्ज दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हें होऊन दिसतात. असे कागद आधीं युनिकोडमध्यें बदलून घ्यावे, किंवा निदान पीडीएफ करून ठेवावे.

नवें केव्हां घ्यावें.— मदरबोर्ड गेला असेल, वीजपुरवठ्याच्या पेटीबरोबर आणखी दोन-तीन भाग बदलावे लागत असतील, किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च चांगल्या वापरलेल्या यंत्राच्या निम्म्याहून वर जात असेल, तर जुन्यास रजा द्यावी. तरीहि कोरें यंत्रच घ्यावें असें नाहीं. मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षांनीं आपले संगणक काढून टाकितात. तेच साफसूफ होऊन ग्रँट रोड स्टेशनाजवळील लॅमिंग्टन रोडवर व अन्यत्र विकावयास येतात. घेतांना प्रोसेसरचा क्रमांक वाचावा : आय५-८५०० ह्यांत पहिला ८ पिढी दाखवितो, आय५-१०४०० ह्यांत पहिले दोन अंक म्हणजे दहावी पिढी. "आय५ आहे" एवढ्या शब्दावर भुलूं नये, कारण आय५ दुसऱ्या पिढीचाहि असतो. पक्की पावती व हमीची मुदत लेखी घ्यावी. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून तिची मागणी वाढली. म्हणून गतवर्षाच्या भावावर अंदाज न बांधतां दोन-तीन दुकानीं विचारूनच निर्णय करावा.

कागदांची जपणूक.— डागडुजी असो कीं नवी खरेदी, स्क्रू काढण्यापूर्वीं खातेउतारे, वाटणीपत्रें, पासबुकाच्या प्रती व मुलांचीं गुणपत्रकें यांची नक्कल दोन निराळ्या ठिकाणीं करून ठेवावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. यंत्र पुन्हां विकत मिळतें. हरवलेल्या वाटणीपत्राची प्रत मिळविण्यास किती खेटे घालावे लागतात, हें ज्यानें घातले त्यासच ठाऊक. काढलेली डिस्क भंगारांत देऊं नये. पुसून टाकिलेली माहिती पुष्कळदां परत काढतां येते, आणि तिच्यांत आपले आधार व बँकेचे कागद असतात. ती शाबूत असेल तर लहानशा खोक्यांत बसवून नकलेकरितां वापरावी. नसेल तर निकामी करून, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. ह्यासंबंधीं २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत.

सारांश, आधीं काम ठरवावें, मग रोग ओळखावा, आणि शेवटीं पैसा काढावा. हा क्रम जो पाळील त्याचा संगणकहि चालेल आणि पेरणीहि वेळेवर होईल. यंत्र जुनें झालें हें खर्चाचें कारण नव्हे. त्याकडून होणारें काम अडलें, हेंच कारण होय.