खेळ अस्सल, नावे नकली : ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’

‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम जपानच्या कोनामी कंपनीने २००६ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपच्या बाजारात आणला. जपानमध्ये ही मालिका ‘विनिंग इलेव्हन’ या नावाने ओळखली जाई. १९९५ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर जपानच्या जे-लीगमधील संघ घेऊन तिची सुरुवात झाली. मालिकेची घडण प्रामुख्याने शिंगो ताकात्सुका यांनी केली. चाहते त्यांना ‘सीबास’ म्हणत. सहावा भाग आला तेव्हा प्लेस्टेशन २ चे युग सरत आले होते आणि एक्सबॉक्स ३६० सारखी नवी यंत्रे घराघरांत शिरत होती. मालिकेचे सगळे गुण आणि सगळे दोष या एकाच भागात एकत्र दिसतात.

त्याचा पहिला गुण म्हणजे चेंडू. तो खेळाडूच्या पायाला चिकटल्यासारखा चालत नाही. पास जोरात आला तर तो पायाला लागून पुढे निसटतो. शरीराचा तोल गेलेला असताना फटका मारला तर तो गोलखांबापासून लांब जातो. खेळाडू कोणत्या पायाने खेळतो, पाठ कुणीकडे आहे, बचावपटू किती जवळ आहे, या सगळ्यावर फटक्याचे भवितव्य ठरते. त्यामुळे नुसती बटणे दाबून गोल होत नाही. आधी जागा तयार करावी लागते, संयमाने पास फिरवावे लागतात. शून्य-शून्य बरोबरीत सुटलेला सामनाही चुरशीचा वाटतो, तो यामुळेच.

दुसरा गुण खेळाडूंच्या वेगळेपणाचा. फटक्याची ताकद, अचूकता, वेग, तोल, दमसास, मनोबळ अशा अनेक बाबींना प्रत्येकी ९९ पर्यंत गुण दिलेले असतात. थिएरी आन्रीचा वेग आणि रोनाल्डिन्होचे चेंडूवरचे प्रभुत्व हातातल्या कंट्रोलरवर जाणवते. नाव झाकले तरी खेळाडू ओळखू यावा, इतका हा फरक स्पष्ट आहे. शिवाय प्रत्येक सामन्याआधी खेळाडूच्या नावापुढे रंगीत बाण दिसतो. वर वळलेला लाल बाण म्हणजे तो भरात आहे. खाली वळलेला बाण म्हणजे आज त्याचा दिवस नाही. मोठ्या खेळाडूला बसवून राखीव फळीतल्याला उतरवावे का, हा खऱ्या प्रशिक्षकाला पडणारा प्रश्न इथे दर सामन्याला पडतो.

तिसरे बलस्थान ‘मास्टर लीग’. यात संघाची सूत्रे हाती घेऊन हंगामामागून हंगाम खेळायचे असतात. सुरुवातीला कास्तोलो, मिनांडा असे काल्पनिक आणि बेताचेच खेळाडू मिळतात. सामने जिंकून गुण साठवायचे, त्या गुणांवर चांगले खेळाडू विकत घ्यायचे, वेतनाचा हिशेब सांभाळायचा आणि खालच्या गटातून वर चढायचे, अशी ही वाटचाल असते. खेळाडू वयानुसार फुलतात आणि उतरतात. कच्च्या संघाला घडवण्यात जाणारा वेळ हीच या विभागाची गोडी. कास्तोलोचे नाव चाहत्यांच्या तोंडी आजही आहे, यातच सारे आले.

उणिवांमध्ये सर्वांत ठळक उणीव परवान्यांची. क्लबचे नाव, बोधचिन्ह आणि जर्सी वापरायला संबंधित लीगचा किंवा क्लबचा परवाना लागतो आणि त्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागते. प्रतिस्पर्धी ‘फिफा’ मालिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने यात आघाडी घेतली होती. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड एवढेच क्लब या भागात खऱ्या नावाने आहेत. लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’ म्हणून उतरतो आणि चेल्सी ‘लंडन एफसी’ म्हणून. खेळाडूंची नावे मात्र खरी, म्हणून स्टीव्हन जेरार्ड भलत्याच नावाच्या संघातून खेळताना दिसतो. जर्मनीच्या बुंडेसलिगाचा परवाना तर हातचा गेला. तिथला बायर्न म्युनिक तेवढा उरला.

या दोषावर उतारा होता तो संपादनाच्या सोयीचा. नावे, जर्सी, बोधचिन्हे खेळणाऱ्याला स्वतः बदलता येत. हौशी चाहत्यांनी तासन्‌तास खपून खऱ्या माहितीच्या फाइली तयार केल्या आणि एकमेकांना दिल्या. पण हे भाग्य प्लेस्टेशन २ आणि संगणकावर खेळणाऱ्यांचे. एक्सबॉक्स ३६० च्या आवृत्तीत चित्रे अधिक सुबक होती, मात्र संपादनाची सोय फारच तोकडी होती. नवे, महाग यंत्र घेणाऱ्याच्या पदरी काही बाबतींत कमीच पडले.

खेळातही दोष आहेत. खेळाडू आणि पास ठरावीक आठ दिशांनाच वळत असल्याने हालचालीत ताठरपणा येतो. काही खेळाडू प्रमाणाबाहेर बलवान झाले आहेत. इंटर मिलानच्या आद्रियानोचा डाव्या पायाचा फटका इतका जबर, की मित्रांच्या सामन्यांत त्याला घेण्यावरून वाद होत. पीटर ब्रॅकली आणि ट्रेव्हर ब्रूकिंग यांच्या समालोचनात तीच तीच वाक्ये येतात आणि थोड्याच दिवसांत कान विटतात.

पुढच्या काळात कोनामीने परवान्यांची बाजू काही अंशी सावरली. २००८ पासून दहा वर्षे चॅम्पियन्स लीगचा परवाना तिच्याकडे होता. पण नव्या यंत्रांवर खेळाची घडी विस्कटली. ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर २००८’ प्लेस्टेशन ३ वर अडखळत चाले. तोवर ‘फिफा’चा खेळही सुधारला होता. २०२१ मध्ये मालिकेने जुने नाव टाकून ‘ईफुटबॉल’ हे मोफत रूप घेतले. त्याची पहिली आवृत्ती इतकी सदोष निघाली, की कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट होते. नकली नावे असतानाही चाहत्यांनी ही मालिका सोडली नाही, कारण मैदानावरचा खेळ अस्सल होता. तो खेळच ढिला पडला, तेव्हा चॅम्पियन्स लीगचे खरे बोधचिन्हही तिला सावरू शकले नाही.