शिंपल्यांच्या साह्याने प्रदूषणाचे मापन

ठाण्याच्या खाडीतील पाण्याचा नमुना ओहोटीला घेतला आणि पुन्हा भरतीला घेतला, तर दोन्हींच्या पृथक्करणात सारखेच आकडे येतील असे नाही. भरतीबरोबर आत शिरणारे समुद्राचे पाणी कारखान्यांचे सांडपाणी विरळ करते. रात्री सोडलेले रसायन सकाळच्या बाटलीत सापडेलच, याचीही शाश्वती नसते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाडीतील पाऱ्याविषयीचे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु समुद्राच्या पाण्यात पारा इतका अल्प असतो की बाटलीत राहिलेला मळही मापन बिघडवू शकतो.

शिंपल्यांचे तसे नाही. खडकाला चिकटलेले कालव आपली जागा सोडत नाही; हिरव्या कवचाचे शिनाणेही धाग्यांनी खडकाला बांधलेले असते. हे प्राणी कल्ल्यांतून पाणी गाळून अन्न मिळवतात आणि त्याबरोबर आलेली विषारी द्रव्ये त्यांच्या ऊतींत साठत जातात. काही द्रव्यांचे तेथील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या हजारो पट होते. साहजिकच शिंपल्याच्या मांसात मागील कित्येक आठवड्यांचा हिशेब सापडतो. हा गुण ओळखून अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये जगभरच्या किनाऱ्यांवर अशी पाहणी करावी, असे सुचविले. पुढे १९९० नंतरच्या दशकात आशियातील पाहणीत भारतीय किनाऱ्यावरील हिरवे शिंपलेही तपासण्यात आले.

तथापि शिंपला म्हणजे काही मोजपट्टी नव्हे. वय, आकार आणि प्रजननाचा काळ यांनुसार त्यातील धातूंचे प्रमाण बदलते. जस्तासारख्या धातूचे प्रमाण काही जाती स्वतःच आटोक्यात ठेवतात. मग पाणी दूषित असूनही मांस निर्दोष भासते. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की शिंपले मिटून बसतात. म्हणून एकाच आकाराचे, एकाच ऋतूतले नमुने घ्यावे लागतात. जेथे शिंपले नाहीत तेथे स्वच्छ ठिकाणचे शिंपले जाळीत घालून काही आठवडे टांगून ठेवतात.

कोकणातील बायका ओहोटीला कालवे फोडतात, तिसऱ्या वेचतात, त्या बाजारात वाट्यांनी विकल्या जातात. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला पाऱ्याचा विकार मासे व शिंपले खाणाऱ्या कोळी कुटुंबांतच पसरला होता. तिसऱ्या दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवल्या तर वाळू आणि बरेचसे जंतू निघून जातात, शिजविल्यावर उरलेलेही मरतात. पारा मात्र रश्शात तसाच राहतो.